हृद्रोग्याचे धावणे
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून एखाद्या विद्वानाचे व्याख्यान होत असते. यंदा आपल्या चिटणिसांनी ती परंपरा मोडून मजसारख्या निवृत्त हिशेबनिसास येथे उभे केले आहे, त्याचा दोष सर्वस्वी त्यांच्या पदरी. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "नाना, तुमच्या हृदयात जाळी बसवली आहे आणि तरी तुम्ही पहाटे धावता, याची आपल्या मंडळींत चर्चा चालते. कोणी म्हणतो धाडस आहे, कोणी म्हणतो म्हातारचळ आहे. तेव्हा तुम्हीच येऊन काय ते सांगा." निवाडा करण्याचे काम मी आपणांवरच सोपवितो. मी वैद्य नव्हे. माझे वय ६९ वर्षांचे, शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि हृदयाविषयीचे ज्ञान त्याने मला दिलेल्या धक्क्यांतून आलेले. म्हणून येथे औषधांचा उल्लेख आलाच, तर तो कोणी टिपून घेऊन घरी अमलात आणू नये, एवढी विनंती प्रारंभीच करून ठेवतो.

धावण्याचा वारसा मला घरातून मिळाला असे म्हणता येणार नाही. माझे वडील मुंबईस बेस्टच्या दुमजली बसगाडीवर कंडक्टर होते. गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी, आणि खालून वर, वरून खाली असा जिना दिवसभर चालू. संध्याकाळी घरी आले की पाय पसरून बसत आणि म्हणत, "आज पुन्हा गड चढून आलो." त्यांना व्यायाम हा शब्द कोणी सांगितला असता तर ते हसले असते. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या वाचनात आले की, १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश संशोधकाने लंडनच्या अशाच दुमजली गाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. दिवसभर बसून गाडी हाकणारे चालक आणि दिवसभर जिना चढणारे कंडक्टर, पगार व राहणी जवळजवळ सारखी. परंतु हृद्रोगाचे प्रमाण कंडक्टरांत कमी, आणि ज्यांना झाला त्यांना तो उशिरा व सौम्य झाला. ते वाचून मला वडिलांचे जिने आठवले. ते ८६ वर्षे जगले. एका नोंदीवरून ताळेबंद होत नाही, हे हिशेबनीस म्हणून मी जाणतो. तरी २०२३ च्या सप्टेंबरात त्या जुन्या दुमजली गाड्यांपैकी शेवटची गाडी रस्त्यावरून निघाली तेव्हा ती पाहावयास मी मुद्दाम गेलो होतो.

मी स्वतः मात्र चालकाच्या जातीचा निघालो. बत्तीस वर्षे खुर्चीवर बसून आकड्यांच्या बेरजा केल्या. २००७ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, जिना चढताना धाप लागू लागली म्हणून शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चालावयास लागलो. चालता चालता पळू लागलो. आणि पळता पळता गर्विष्ठ झालो. हा शेवटचा भाग कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. माणूस पन्नाशीनंतर धावू लागला की, त्याला आपण इतरांपेक्षा निराळ्या मातीचे आहोत असे वाटू लागते. लग्नकार्यात समवयस्क मंडळी गुडघे धरून उठताना पाहिली की मनातल्या मनात सुख होते. एकवीस किलोमीटरांची अर्धी मॅरेथॉन मी ५६ व्या वर्षी १ तास ५२ मिनिटांत पुरी केली, आणि तो आकडा पुढे कित्येक महिने कोणी न विचारताही सांगत असे. आताही सांगितलाच!

या गर्वाच्या पोटी एक भाबडी समजूत दडलेली होती, ती ही की, धावणाऱ्यास हृद्रोग होत नाही. ही समजूत माझ्या एकट्याची नव्हती. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात एका डॉक्टरने तर, जो मॅरेथॉन पुरी करतो त्याच्या हृदयाच्या धमन्यांत मेदाचा थर साचत नाही, असे प्रतिपादन मोठ्या आत्मविश्वासाने केले होते. त्याच देशात जिम फिक्स नावाच्या लेखकाने १९७७ साली धावण्यावर पुस्तक लिहून लाखो लोकांना रस्त्यावर आणले. तो १९८४ च्या जुलैत धावावयास गेला आणि रस्त्यातच मरण पावला. वय ५२. शवचिकित्सेत धमन्या अरुंद झालेल्या आढळल्या. त्याच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षीच हृदयाचा झटका आला होता, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. फिक्स स्वतःही तरुणपणी भरपूर सिगारेट ओढीत असे. धावण्याने त्याला काही वर्षे अधिक दिली असतील, कदाचित पुष्कळ दिली असतील. पण मागचे देणे फिटले नाही. ही हकीकत मला त्या काळी ठाऊक असती तर बरे झाले असते असे वाटते. पण खरे सांगावयाचे तर ती ठाऊक असूनही मी तिला नजरेआड केले असते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. २०१९ च्या पावसाळ्यानंतर धावण्याच्या पहिल्या दहा मिनिटांत माझा गळा आवळल्यासारखा होऊ लागला आणि डाव्या जबड्यात ठणका येऊ लागला. छातीत काही नाही. नाटकसिनेमांत हृद्रोगी माणूस छाती घट्ट धरून कोसळतो, तसले काहीच नाही. आणखी गंमत अशी की, थोडा वेळ सावकाश गेलो की ठणका विरे, आणि मग तासभर धावलो तरी तो परत येत नसे. मी म्हणे, यंत्र थंड आहे, तापले की चालेल. पुढे कळले की, हीच त्या दुखण्याची एक जुनी आणि फसवी रीत आहे. हृदयाला पहिल्या श्रमात रक्त अपुरे पडते तेव्हा कळ येते, आणि नंतर काही काळ ते तेवढ्याच श्रमाला सरावल्यासारखे होते. सर्वसाधारण माणसास जिना चढताना कळ येते आणि तो घाबरून वैद्याकडे जातो. धावणाऱ्याची कळ त्याच्या शिस्तीत विरघळून जाते.

जबडा दुखतो म्हणून मी दंतवैद्याकडे गेलो. वरची एक दाढ किडलेली होतीच. ती काढली. दाढ गेली, ठणका राहिला. तेव्हा माझ्या मनात खरी शंका प्रथम डोकावली, आणि त्याच क्षणी मी ठरविले की हे घरी बोलावयाचे नाही. का? तर आमच्या घरात कळले की धावणे बंद होईल, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी मी नाव नोंदविलेले होते. मंडळी, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. लपविलेली रक्कम कोणत्या खात्यात सापडते हे मला चटकन कळत असे. पण ही लपवाछपवी मी तीन महिने निर्विकारपणे चालविली.

आमच्या पहाटेच्या मेळ्यात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना आम्ही सारे मास्तरच म्हणत असू. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगाने सडपातळ, निर्व्यसनी, आणि विनोदाने ओतप्रोत. त्यांना त्या हिवाळ्यात पित्ताचा त्रास सुरू झाला होता. खिशात डायजीनच्या गोळ्या असत. चढ लागला की एक तोंडात टाकीत आणि म्हणत, "नाना, रात्रीची वांगी बोलतायत." मी हसत असे. त्यांचे पित्त चढावरच का उठते, सपाटीवर का नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असे मी म्हणू शकत नाही. आला होता. पण तो त्यांना विचारला असता तर स्वतःलाही विचारावा लागला असता.

२०१९ च्या डिसेंबरातील एका रविवारी आम्ही दादरहून निघून वरळी, हाजी अली करीत पेडर रोडचा चढ चढून परत आलो. शिवाजी पार्कपाशी पोचल्यावर दोन फेऱ्या करावयाच्या असा नेम होता. मास्तर कट्ट्यावर बसले. कपाळावर घाम होता, पण घाम तर सगळ्यांनाच होता. म्हणाले, "पित्त खवळलंय आज. तुम्ही व्हा पुढं, मी येतो." मी घड्याळाकडे पाहिले आणि पुढे झालो. दुसरी फेरी संपवून आलो तो तेथे माणसे जमली होती. कोणी पाणी शिंपडीत होते, कोणी रिक्षा थांबवा म्हणत होते. दादरात रिक्षा नसते याचेही भान त्या गर्दीला राहिले नव्हते. छाती दाबून हृदय चालू ठेवावयाची विद्या आमच्यापैकी एकासही येत नव्हती. टॅक्सीतून नेईपर्यंत सारे आटोपले होते.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तीनदा धावलो. होय, धावलो, आणि तिन्ही वेळा जबडा दुखला. हे सांगताना आजही मान खाली जाते. तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने मला पुढे बसवून ताट वाढले आणि म्हणाल्या, "तुमच्याबरोबर होते, एवढंच समाधान." मला घास गिळवेना. घरी येताना ट्रामच्या वेगाने चाललो, आणि रात्री दिवा मालविल्यावर अंधारात, कारण उजेडात धैर्य नव्हते, सौभाग्यवतीस सर्व सांगितले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि दाढ काढलीत ती उगाचच?" एवढेच. त्या वाक्यात जो राग होता तो मी ओळखतो. छत्तीस वर्षांच्या संसारात तो दोनदाच ऐकला आहे.

दुसऱ्या दिवशी वैद्याकडे गेलो. विश्रांतीच्या स्थितीत काढलेला हृदयाचा आलेख अगदी स्वच्छ आला, आणि क्षणभर मला वाटले, सुटलो. वैद्याने समजावले की बसलेल्या गाडीच्या यंत्राचा दोष चढावरच कळतो. मग चालत्या पट्ट्यावर चढविले. सहाव्या मिनिटाला जबडा दुखला, त्याच वेळी आलेखाची रेघ खाली वाकली आणि पट्टा थांबविला गेला. मनगटातून नळी घालून धमन्यांचे चित्र घेतले तेव्हा डाव्या बाजूची मुख्य उतरती धमनी एका ठिकाणी नव्वद टक्के बुजलेली निघाली. तिथेच फुगा फुगवून जाळी बसविली. ही फुग्याची युक्ती प्रथम १९७७ साली झुरिच येथे ग्रुंट्झिग नावाच्या वैद्याने माणसाच्या हृदयावर करून दाखविली. त्याआधी मजसारख्याची गत काय झाली असती ते वेगळे सांगावयास नको. १९ जानेवारी २०२० रोजी मॅरेथॉन झाली. छातीवर लावावयाचा माझा क्रमांक घरी टेबलावर होता. तो अजून मी टाकलेला नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. वैद्याने सहा आठवडे चालण्याचा क्रम आखून दिला होता, रोज थोडे थोडे वाढवीत. तो पुरा होतो न होतो तोच मार्चअखेर टाळेबंदी आली. आमची चाळ जुनी. गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या पावलांनी ४४ भरते. त्या गॅलरीत मी दोन महिने चाललो. शेजारची मुले दारात बसून मोजीत. एकदा मी ६० फेऱ्या म्हणालो तर पाच वर्षांची एक चिमुरडी म्हणाली, "नाही आजोबा, ५८." हिशेबनिसाची चूक पकडली गेली! त्या दोन महिन्यांत मला प्रथमच वेगावाचून हालचाल करण्याची सवय लागली.

येथे थोडे शास्त्र सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ते कळल्यापासून माझे धावणे बदलले. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावते आणि साऱ्या देहाला रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या डाव्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्यात. आकुंचनाच्या वेळी स्नायू आवळला गेल्याने आतल्या धमन्या दाबल्या जातात. सैल पडला की त्या भरतात. नाडी जितकी जलद तितका हा विसावा तोकडा. म्हणजे श्रमाच्या वेळी हृदयाला भूक अधिक आणि जेवावयास वेळ कमी. पंगतीत वाढप्याची होते तशी त्याची स्थिती! मला जे नाडी मंदावणारे औषध दिले आहे त्याचा हेतू हा विसावा लांबविणे हा आहे. पूर्वी चढावर माझी नाडी १५० च्या पुढे जाई. आता कितीही रेटले तरी १२० च्या वर सरकत नाही, आणि वैद्याने पट्ट्यावरील तपासणी पाहून मला ११५ ची हद्द घालून दिली आहे. वयावरून नाडीची मर्यादा काढण्याची जी कोष्टके व्यायामशाळेत भिंतीवर लावलेली असतात, ती हे औषध घेणाऱ्यास लागू पडत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरी असे औषध चालू आहे त्यांनी हे आपल्या वैद्यास अवश्य विचारावे.

घड्याळावर माझा पूर्ण विश्वास नाही. घामाने ते कधी कधी भलताच आकडा दाखविते. म्हणून मी एक जुनी युक्ती काढली आहे. धावताना दिडकीचा पाढा मोठ्याने म्हणतो. एक दिडकी दीड, बे दिडकी तीन, असे अडखळल्याशिवाय म्हणता आले तर वेग ठीक. मध्येच श्वास तुटला तर चालू लागावयाचे. पार्कातील तरुण मंडळींना प्रथम वाटले की हे आजोबा नामस्मरण करतात. त्यांचा तो गैरसमज मी अद्याप दूर केलेला नाही.

आता माझा दिवस कसा जातो ते सांगतो, कारण चिटणिसांनी त्याचाच आग्रह धरला होता. पावणेपाचला उठतो. अर्धे केळे खातो. मनगट रक्तदाबाच्या यंत्रात घालण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसतो, कारण चहाची घाई करून मोजलेला दाब खोटा असतो. गोळ्यांची सात कप्प्यांची डबी सूनबाई रविवारी भरून ठेवते. मी भरीत असे तेव्हा बुधवारी दोन मंगळवार आले होते. खिशात तीन वस्तू: जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी, ओली होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पुडीत; नाव, घरचा दूरध्वनी आणि चालू औषधे लिहिलेला कागद; आणि टॅक्सीपुरते पैसे. कळ आली तर थांबावयाचे, बसावयाचे, गोळी ठेवावयाची. पाच मिनिटांत थांबली नाही तर मोठेपणा न करता माणसे हाक मारून गोळा करावयाची. २०२० पासून आजवर ती गोळी मला एकदाच लागली. पण ती दर काही महिन्यांनी मुदत पाहून बदलतो. तिच्या रसायनाच्या वंशाची एक गंमत आहे. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यास अखेरच्या दिवसांत हृदयाची कळ येऊ लागली, तेव्हा वैद्यांनी त्यास जे औषध सांगितले ते नायट्रोग्लिसरीन, म्हणजे ज्याच्या स्फोटांवर त्याने संपत्ती मिळविली तेच द्रव्य. त्याला ही नियतीची थट्टा वाटली. माझी गोळी त्याच घराण्यातील.

पार्कावर प्रथम दहा मिनिटे चालणे, हे आता देवपूजेइतके अनिवार्य. मग फेऱ्या. लांबच्या रस्त्याने एकट्याने जावयाचे नाही, ही घरची अट आहे. चिरंजीवांनी तर धावण्याचा पट्टा विकत आणून घरात ठेवण्याचे सुचविले होते. त्यांना मी विचारले, "बाबा, आपल्या दोन खोल्यांत पट्टा ठेवला तर तुझी आई कुठे ठेवू?" तोडगा सौभाग्यवतीनेच काढला. ती म्हणाली, "मी येते. तुम्ही एकीकडून पळा, मी दुसरीकडून चालते." शिवाजी पार्काची फेरी एका किलोमीटरहून थोडी अधिक भरते. माझा वेग ताशी सात किलोमीटर, तिचा चार. दिशा परस्परविरुद्ध, म्हणून दोन्ही वेगांची बेरीज अकरा. शाळेत असली गणिते पुष्कळ सोडविली, पण उत्तराची गोडी आता कळते: दर सहा-सात मिनिटांनी आमची भेट होते. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहते, मी मान हलवितो, आणि दोघे पुढे जातो. तिला मधुमेहाची सुरुवात होती. या चालण्याने तिची साखर आटोक्यात आली. धावण्याची हौस माझी, आणि लाभ पदरात पाडून घेतला तिने!

हृदयाच्या भीतीपेक्षा मला आता पडण्याची भीती अधिक आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. जाळी बसविल्यावर ती गोठून बुजू नये म्हणून रक्त पातळ राखणारी दोन औषधे वर्षभर घ्यावी लागली. २०२० च्या ऑक्टोबरात पदपथावरील उखडलेल्या फरशीला पाय अडकून मी गुडघ्यावर पडलो. खरचटणे चार आण्यांचे, पण रक्त अर्धा तास थांबेना, आणि मांडी जांभळाएवढी काळी पडली. तेव्हापासून अंधारात उखडलेल्या पदपथावर मी धावत नाही. शिवाय ताप असेल तर धावत नाही, कारण तापातील श्रम हृदयाच्या स्नायूला बाधू शकतो. हिवाळ्यात पहाटे धुरकट हवा असेल त्या दिवशी घरीच गॅलरीत चालतो. आणि जेवणानंतर दोन तास काहीच करीत नाही, हे तर आजच्या दिवशी आपण सर्वांनीच पाळावे. कोलेस्टेरॉलच्या गोळीने पोटऱ्या दुखतात की काय, असे मला वाटे. ती परस्पर बंद न करता वैद्यास सांगितले. त्यांनी मात्रा बदलून दिली. पूर्वीचा नाना असता तर गोळी गुपचूप कुंडीत गेली असती.

२०२३ साली मॅरेथॉन पुन्हा भरली तेव्हा पट्ट्यावरील तपासणी नव्याने करून वैद्याने मला दहा किलोमीटरांची परवानगी दिली. १ तास २४ मिनिटे लागली. वाटेत हातात हात घालून गप्पा मारीत चालणाऱ्या दोन बहिणींनी मला मागे टाकले. जुना गर्व एकदम उसळून वर आला. घड्याळ ११४ दाखवीत होते. त्यांच्या मागे जावे असे वाटले, मग दिडकीचा पाढा सुरू केला आणि त्या दिसेनाशा झाल्या. वाईट वाटले. वाटले नाही असे सांगणारा धावपटू खोटे बोलतो.

वाचनाची आवड असल्याने या दुखण्याच्या पूर्वजांचाही मी शोध घेतला. हेबर्डन नावाच्या इंग्रज वैद्याने १७६८ साली आपल्या बंधुवैद्यांपुढे या छातीच्या कळेचे वर्णन प्रथम केले. त्याने असाही एक रोगी नमूद करून ठेवला आहे की, जो रोज अर्धा तास लाकडे करवतीत असे आणि जवळजवळ बरा झाला. पुढे मात्र कित्येक पिढ्या हृद्रोग्यास अंथरुणावर निजवून ठेवण्याचीच प्रथा चालली. १९७३ साली टोरांटोच्या काही हृद्रोग्यांनी आपल्या वैद्याच्या देखरेखीखाली बोस्टनची पुरी मॅरेथॉन पार पाडली, तेव्हा लोकांना विश्वास बसू लागला. पण मला सर्वांत आवडतो तो क्लॅरेन्स डिमार, छापखान्यात खिळे जुळविणारा. १९११ साली बोस्टनच्या शर्यतीपूर्वी वैद्यांनी त्याच्या हृदयात दोषाचा आवाज ऐकला आणि धावणे सोडण्याचा सल्ला दिला. तो त्या वर्षी पहिला आला आणि १९३० पर्यंत ती शर्यत त्याने एकूण सात वेळा जिंकली. १९५८ साली तो कर्करोगाने गेला. शवचिकित्सेत त्याच्या हृदयाच्या धमन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद आढळल्या. तरुण मंडळी एवढेच सांगून थांबतात. पण त्या अहवालात पुढे असेही आहे की, त्या रुंद धमन्यांतही मेदाचा थर काही प्रमाणात साचलेला होताच. सात वेळा जिंकणाऱ्यालाही तो चुकला नाही. फक्त त्याची वाट रुंद होती म्हणून रहदारी अडली नाही. माझी वाट रुंद नव्हती.

आता एकच गोष्ट सांगावयाची राहिली. ती सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. गेल्या पावसाळ्यात एक पंचेचाळिशीचा गृहस्थ पार्कावर मजकडे आला. चेहरा ओळखीचा वाटला. ते मास्तरांचे चिरंजीव होते. काही वेळ माझ्याबरोबर चालले आणि मग विचारले, "काका, बाबा त्या दिवशी काही म्हणाले होते का? काही त्रास होत होता का त्यांना?" सहा वर्षे मी या प्रश्नाची वाट पाहत होतो आणि तो येऊ नये अशी प्रार्थनाही करीत होतो. मी त्यांना कट्ट्यावर बसविले, जेथे मास्तर बसले होते त्याच्या जवळच, आणि डायजीनच्या गोळ्या, पेडर रोडचा चढ, माझा जबडा, माझी दाढ, माझे घड्याळ, सारे सांगितले. मला शंका आली होती आणि मी पुढे गेलो, हेही सांगितले. ते रागावतील असे वाटले. ते खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "मलाही जिना चढताना गळ्याशी काहीतरी होतं, काका. मी पित्त समजत होतो."

त्यांना घेऊन मी त्याच दिवशी वैद्याकडे गेलो. सौभाग्यवती तोवर पार्कावर एक फेरी जादा मारून काळजीत पडली होती, तो भाग निराळा. त्यांची धमनी वेळेवर उघडली गेली. आता ते आमच्याबरोबर चालतात. अजून धावण्याची परवानगी मिळालेली नाही, आणि ती मागण्याची त्यांना घाईही नाही. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची विद्या आमच्या मेळ्यातील अकरा जणांनी शिकून घेतली आहे. आपल्या संस्थेच्या सभागृहात तिचा वर्ग भरवावा अशी सूचना मी कार्यकारी मंडळाकडे लेखी दिली असून ती आजच्या सभेपुढे यावी, अशी अध्यक्षांना विनंती आहे.

पाने मांडून झाली असे चिटणीस दारातून खुणावीत आहेत.  वाढपी मंडळींना एकच सांगणे: माझ्या पानात जिलेबी एकच वाढावी, आणि तीही पलीकडच्या पंगतीत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतीस विचारून.